भरून परत आलेला डबा

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं मंजुळाने मला बजावलं होतं. पण राहवत नाही, म्हणून हळूच सांगते.

मंजुळाच्या झग्याला सात रंगांची सात ठिगळं होती. ती दिवसभर देवळामागच्या बागेत पाणी घालायची, तेव्हा कुठे एक भाकरी मिळायची. त्यातली अर्धी ती शेजारच्या चिमुकल्या ठकूला द्यायची. ठकूची आई, भागामावशी, बांबूच्या टोपल्या विणायची. पण हल्ली त्यांची चूल रोज पेटत नसे.

एका तिन्हीसांजेला गुलबक्षीची गुलाबी कळी उमलली आणि आतून बोटाएवढी परी निघाली. तिच्या इवल्याशा पंखांवर चांदणचुरा चमचमत होता.

"तुझी अर्धी भाकरी मी रोज बघते गं," परी म्हणाली. "दोन इच्छा माग, पण दुसऱ्यांसाठीच. आणि मागण्याआधी त्यांना जाऊन विचार, काय हवंय?"

मंजुळा भारी लाजाळू. विचारायचं कसं? तिने आपणच मागून टाकलं, बुंदीच्या केशरी लाडवांनी भरलेला पितळी डबा! तो भागामावशीच्या हातात कोंबून ती पळाली.

लाडू संपले तशी मावशीने डबा लख्ख घासून परत आणला. आत दोन मुठी तांदूळ.

"मावशी, हे कशाला?"

"शेजाऱ्याचं भांडं रिकामं धाडतात होय? गरीब असलो तरी रीत कळते हो आम्हाला!"

कडेवरची ठकू म्हणाली, "आई, मग आपला भात?"

मंजुळाने डबा पुढे केला. मावशी हात मागे घेऊन निघून गेली. त्या दिवशी शेजारी धूर दिसला नाही.

रडत रडत मंजुळा त्यांच्याकडे गेली. "मावशी, तुला खरंच काय हवंय?"

"कोयता मोडलाय गं. बांबू चिरल्याशिवाय टोपल्या कशा विणू?"

मंजुळाने परीकडे कोयता मागितला. पुढच्या बाजाराला मावशीच्या टोपल्या हातोहात खपल्या.

परी हसत आली. "आता तुझ्यासाठी काहीतरी माग."

"ठकूला त्या दिवशीचा भात दे."

"गेलेला दिवस मलाही परत आणता येत नाही, बाळ." परीने तिचे डोळे पुसले. अंगणात बारमाही फळणारा पेरू उगवला आणि सोनेरी उजेडात परी विरून गेली.

मंजुळा आजही पहिला पेरू ठकूला देते. ठकू सारं विसरलीय. पण तिला खाताना पाहिलं की मंजुळाची मान खाली जाते. म्हणते, "दहा पावलांवर घर होतं गं. नुसतं विचारलं असतं, तर त्या दिवशी ठकू…"

थांब, माझी आई हाक मारतेय. आले, आई! आले…