न बोलावलेली मुळी

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. हात देणारा, पण बोलणे हुकमाचे. त्याने राजधानीत आरोग्यशाळा बांधली. गरीब असो, सरदार असो, दार सर्वांना उघडे. हे काम चांगले झाले. त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

शाळेला औषधे हवीत. औषधे रानात, आणि रानात वैदू. वैदूंची एक रीत होती. मुळी घ्यायची तर आदल्या सांजेला झाडापाशी जायचे, हळदीच्या अक्षता ठेवायच्या, आवतण द्यायचे. अमक्याच्या घरी आजार आहे, उद्या ये. सकाळी झाड हलले तर मुळी घ्यायची. न हलले तर रिकाम्या हाती परतायचे.

राजवैद्य सोमदत्त यावर हसला. रोगी खाटेवर तळमळतो आणि हे झाडाची मनधरणी करतात, म्हणाला. राजाला ते पटले. त्याने वैदूंना हद्दपार केले. रान खणून काढले. मुळ्या भुयारात भरल्या आणि दारावर मांत्रिकाकडून लोखंडी नाग बसवून घेतला.

तेव्हा रान बोलले. त्या काळी राने बोलत. "न बोलावता नेलंस. आता तुझ्या हाकेला ओ मिळणार नाही."

मुळ्यांचा गुण गेला. काढे नुसते पाणी झाले. आणि राणी इरावतीला ताप भरला. डोळे उघडे, श्वास चालू, पण बोलणे नाही.

पूर्वी राजा दरबारातून येई, उंबऱ्यावरून "इरा" म्हणे, आतून "ओ" येई. एवढेच. त्या एका अक्षरावर राजाचा दिवस मावळत असे. आता तो उंबऱ्यावर उभा राही, हाक मारी, थांबे, आणि तसाच मागे फिरे.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, तीन कामं आहेत. भुयार उघड. ठमाई वैदीण आण. मुळीला आवतण दे. अमावास्येच्या रात्री ताप हाडात उतरेल. मग कोणाचंच चालणार नाही."

"हुकूम पाठवतो."

"पाठवलास, म्हणून तर ही वेळ आली." आणि पक्षी उडाला.

राजा भुयाराशी गेला. नागाने राजमुद्रा मागितली. राजाने बोटातली अंगठी काढून फण्यावर ठेवली. नागाचा गंज होऊन खाली पडला. आतल्या पुष्कळ मुळ्या वाळून गेल्या होत्या. ज्यांत ओल उरली होती त्या राजाने स्वतःच्या खांद्यावरून रानात नेल्या आणि लावल्या. खांदे सोलले.

मग तो हद्दीपार गेला. ठमाई एका खडकावर बसली होती. तोंड आपल्या रानाकडे.

"इकडची झाडं माझं बोलणं समजत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून रोज सांजेला अशी बसते."

"चला, आई."

"कुठं? रानाचं तर टक्कल केलंत."

"थोडं लावलंय. जगलं का, ते तुम्हीच बघा."

ती उठली. "वैद्यबुवा अजून हसतात?"

"आता नाही."

"मग बोलता येईल त्यांच्याशी."

रानात तापहरीचा एकच वेल जगला होता. ठमाईने राजाच्या हातात अक्षता दिल्या. आजारी माणूस तुमचे, आवतणही तुम्हीच द्यायचे, असे सांगून ती दूर जाऊन बसली.

पहिल्या सांजेला राजा म्हणाला, "उद्या हजर हो." वेलाने पाने मिटली.

दुसऱ्या सांजेला म्हणाला, "तुला सोन्याचं आळं बांधीन." पाने पिवळी पडली.

तिसरी सांज आली. दुसऱ्या दिवशी अमावास्या. हुकूम चालला नव्हता, सोनेही चालले नव्हते. तो मातीत बसला. अक्षता ठेवल्या. मग त्याने वेलाला उंबऱ्याची गोष्ट सांगितली.

"मी हाक मारतो. ती ओ देत नाही. तू येशील का?"

राजाने जन्मात कोणाला असे विचारले नव्हते.

सकाळी वारा नव्हता. वेल हलला.

मुळी घेऊन ठमाई सोमदत्तापुढे उभी राहिली. "मुळी माझी, मात्रा तुमची. राणीची नाडी तुम्हाला ठाऊक."

सोमदत्ताने नाडी पाहिली. मुळी उगाळली आणि अर्धी चाटवली.

"ही आम्ही पुरी देतो," ठमाई म्हणाली.

"पुरी दिली तर काळीज बसेल. ते आधीच थकलंय."

"हे मला उमगलं नसतं."

"आणि मला ही मुळी मिळाली नसती," सोमदत्त म्हणाला. हे म्हणायला त्याला जड गेले, पण म्हणाला.

राजा बाहेर जाऊन उंबऱ्यावर उभा राहिला. आत राणीला घाम फुटला.

"इरा."

तो थांबला.

"ओ."

शाप सरला. वैदू परत आले. आरोग्यशाळेत त्यांना सोमदत्ताच्या शेजारी ओटा मिळाला. गळू सोमदत्ताने फोडावे, मुरगळलेला पाय ठमाईने बांधावा. आपल्या हाताला गुण येईना, तर रोग्याला दुसऱ्याकडे धाडावे. त्यात कमीपणा मानू नये, अशी रीत पडली.

रान पुन्हा हिरवे झाले. काही मुळ्या मात्र उगवल्याच नाहीत. सांजेला ठमाई त्यांची नावे घेऊन हाक मारते. राजा शेजारी बसतो, राणीही येते. अजून ओ आलेली नाही. तिघे अक्षता ठेवतात आणि घरी परततात.