फणसाचा चीक आणि शुक्रवारचं तेल

समुद्राकाठच्या इस्राएल आळीत, म्हणजे ज्यू लोकांच्या वस्तीत, पनीना नावाची एक चिमुकली राहायची. तिला आई नव्हती. बाबा तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी शब्बाथ पाळून विसावा घेत. पण गेले चार दिवस घाणा गप्प होता. बाबा शेमाची, म्हणजे ज्यूंची रोजची मुख्य प्रार्थना म्हणत बसले होते. एक अक्षर जरी चुकलं तरी स्वर्गाचं दार बंद होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. शेवटाशी आले की चेहरा पांढराफटक पडे आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. ना जेवण, ना झोप. आळीतले लोक म्हणत, "केवढा हा भक्त!" पनीनाला मात्र फार भीती वाटायची.

शुक्रवारी दुपार कलली. घाण्यातलं उरलंसुरलं वाटीभर तेल घेऊन पनीना वाडीतून घरी निघाली. शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडताच सुरू होतो; त्याआधी लावायचा दिवा त्या तेलावरच लागणार होता.

फणसाखाली काहीतरी लुकलुकलं. अंगठ्याएवढी परी! तिचे गुलाबी-निळे पंख फणसाच्या चिकात अडकले होते. चिकाला तेलच लागतं, हे घाणेवाल्याच्या मुलीला कुणी सांगायला नको. पनीनाने एकदा वाटीकडे पाहिलं, मग बोट बुडवून ती इवले पंख चोळू लागली. चीक भलता चिवट. वाटी रिकामी झाली तेव्हा कुठे परी सुटली.

"एक वर माग," परी म्हणाली. "पण सूर्य माडांच्या शेंड्यांखाली उतरायच्या आत."

"माझ्या बाबांची भीती घालव."

"दुसऱ्याच्या मनात मला शिरता येत नाही गं, सोनुले. स्वतःसाठी माग."

सूर्य शेंड्यांना टेकला.

"मग हज्जानकाकांपुढे मला बोलता येऊ दे," ती म्हणाली. "तीनदा गेले, तीनदा दारातूनच परत आले."

परीने तिच्या गळ्याला बोट लावलं. पनीना धावत सुटली.

हज्जानकाका म्हणजे प्रार्थनालयात सगळ्यांसाठी प्रार्थना म्हणणारे. ते दारातच भेटले.

"काका, बाबा चार दिवस जेवले नाहीत. ते घाबरलेत. ती भक्ती नाही," पनीनाने सांगून टाकलं.

काका तसेच तिच्याबरोबर घरी आले आणि बाबांचा हात धरून बसले.

"शेलोमो, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी हज्जान म्हणतो, ही आपली रीतच आहे. तू नुसतं आमेन म्हण. आणि रविवारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मनही आजारी पडतं रे."

"चुकलं तर?"

"तर ती चूक माझ्या माथी."

काकांनी प्रार्थना सावकाश पुरी केली. बाबांचे ओठ कितीतरी वेळ नुसते हलले. मग ते म्हणाले, "आमेन." आणि त्यांनी पाणी मागितलं.

पनीनाला एकदम दिवा आठवला. सूर्य बुडायला आला होता आणि दिवा कोरडा होता. तेवढ्यात खिडकीतून परी आली, दिव्यात अलगद बसली आणि लख्ख सोनेरी उजेड होऊन दिसेनाशी झाली. दिवा तेलाने काठोकाठ भरला होता.

बाबा काही एका दिवसात बरे झाले नाहीत. औषधं झाली, डॉक्टरीणबाईंकडे खेपा झाल्या, बरेच शुक्रवार गेले. एका शुक्रवारी प्रार्थना म्हणताना ते मध्येच अडले आणि त्यांचा चेहरा उतरू लागला. पनीनाने त्यांचा हात धरून पुढचे शब्द म्हटले. त्यातला एक चुकलाच.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "आमेन."