पोरांच्या उंचीचं दार

शाळेच्या मागं बाभळीचं कुंपण आहे, त्याला एवढंसं दार. मोठा माणूस त्यातून जात नाही, आणि जाऊ बघणाऱ्याला गाव जाऊ देत नाही. बाहेरून आलेले साहेब विचारतात, दार मोठं का करत नाही? विचारण्याआधी ऐकून घ्यावं.

पूर्वी या गावाचं बी पेवात असायचं, असं सांगतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खोदलेलं ज्वारीचं कोठार, तोंडावर दगड. राखण रखमाजीच्या घराण्याकडं. एकदा ओळीनं दुष्काळ पडले, घरोघरचं बी खाऊन संपलं. मग हस्ताचा पाऊस झाला आणि गावानं पेव उघडलं. दाणे पांढरेशुभ्र, पण वास कुबट. रखमाजीला तो आला म्हणे, आणि तो गप्प बसला.

दिगंबर मास्तर तेव्हा शाळेमागच्या वाफ्यात पोरांना शिकवायचे. मूळ आधी फुटतं की पान, हे पोरांनाच उकरून बघायला लावायचे. ते पंचांना म्हणाले, मूठभर दाणे पोरांना द्या. उगवले तर पेरा; नाही तर नदीपल्याडहून बी आणायला अजून वेळ आहे. पंच कबूल झाले. रखमाजीला झोंबलं. आज्या-पणज्यानं राखलेलं पेव, आणि त्याची परीक्षा शेंबड्या पोरांनी घ्यायची?

पोरांनी दाणे वीतभर अंतरावर लावले. रखमाजीची नात सगुणा त्यांत होती. रोज पाणी घालायची. एके दिवशी तिनं दाणा उकरला, तो चिखलासारखा बोटात फुटला. घाबरली पोर. मास्तरांआधी तिनं आज्याला सांगितलं, "आबा, बी मेलंय."

त्यानं तिला गप्प केलं. घरात आढ्याला टांगलेली चार कणसं उरली होती. ती झोडून, भिजवून त्यानं मोड आणले, आणि बाजारच्या दिवशी शाळा ओस असताना वाफ्यात खोचले.

वाफा हिरवा झाला. गाव हरखलं. सगुणा सगळ्यांसमोर म्हणाली, "हे आमचं नाही. आम्ही वीतभरावर लावलेलं. हे दाट आहे." लोक हसले. तिनं आज्याकडं बघितलं. तेव्हाही वेळ होता.

रखमाजी म्हणाला, "पेरा."

शिवार काळंच राहिलं. ओल उडाली. काळ्या रानात एकटा शाळेचा वाफा डुलत होता, आणि गावाला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्या साली चुली विझल्या. सगुणाही गेली. शेवटपर्यंत ती आज्याच्या हातचं पाणी प्यायली नाही.

मग रखमाजीनं उघड्या हातांनी काटे ओढून कुंपण घातलं. दार नातीच्या उंचीचं ठेवलं. मोठ्या माणसाची सावली या वाफ्यावर पडेल, त्याचं रान काळं राहील, असं बोलून तो पेवात उतरला. वरचा दगड चार गडी लावल्याशिवाय हलत नसे. सकाळी तो दगड पेवाच्या तोंडावर बसलेला होता. कुणी बसवला, कुणालाच ठाऊक नाही.

आजही हस्त लागला की पेरणीच्या तिफणी बांधावर थांबतात. बी दुकानातलं असो की सरकारी, मूठभर आधी पोरांच्या वाफ्यात. पोरं आत, सरपंच नि मास्तर बाहेर. मागं एकदा एक पोरगी हात झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "मेलंय." तिला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पोती तिथंच उलटी केली.