मुकिंदाने नेट चालू केलं

एका गावात एक भोळा भाऊ होता. गावाचं नाव आंबेदरा, भावाचं नाव मुकिंदा. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, हा त्याचा गुण. आई म्हणाली, "दुधाकडं बघ." तो बघत बसला. दूध उतू गेलं, तेही त्याने नीट बघितलं. वर आईला सांगितलं, "शेवटपर्यंत बघितलं गं. नजर हलवली नाही."

या मुकिंदाला एक धाकटी बहीण होती, वैजयंता. ती हुशार. दोघांच्या वाटणीची अक्कल हिच्याकडेच गेली, असं गाव म्हणायचं, आणि मुकिंदाला ते अगदी पटायचं. बहिणीवर त्याचा फार जीव.

तर वैजूला एक स्थळ सांगून आलं. मुलगा दिग्विजय, मस्कतला नोकरीला. वैजूने फोटो हातात घेतला आणि परत दिलाच नाही. आई काय समजायचं ते समजली. मुलगा एवढ्यात येणार नव्हता, म्हणून फोनवर बघायचा कार्यक्रम ठरला. त्यासाठी घरात नेट घेतलं, राउटर बसवला.

पहिल्याच रविवारी नेट मंदावलं. दिग्विजय दिसला, शिंकायला लागला आणि तिथंच अडकला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. आई कुजबुजली, "पोरगं कायम असंच बसतं का गं?"

वैजूचं तोंड एवढंसं झालं. मुकिंदाने लगेच नेटवाल्या जगदाळेंना फोन लावला.

"राउटर बंद करा," जगदाळे म्हणाले. "जरा दम खाऊ द्या. मग परत चालू करा. मशीन मंदावलं की पहिला इलाज हाच."

मुकिंदाने तसं केलं. परत फोन लावला तेव्हा दिग्विजयची शिंक संपलेली होती. मुकिंदा खूश. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी दुरुस्त केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बापूकाकांच्या टेम्पोत बसून बाजाराला निघाला. मागे टोमॅटोचे क्रेट. घाट लागला आणि टेम्पो मंदावला. बापूकाका गिअर बदलतायत, टेम्पो कण्हतोय. मुकिंदाला दया आली. त्याने हात लांबवला आणि किल्ली फिरवून टेम्पो बंद केला.

"अरे! काय केलंस?"

"जरा दम खाऊ द्या काका. मग परत चालू करा."

टेम्पोने दम खाल्ला नाही. तो उलटा निघाला. बापूकाका ब्रेकवर उभेच राहिले, तरी टेम्पो गवताच्या गंजीत शिरूनच थांबला. माणसं वाचली. टोमॅटो मात्र घाटभर उड्या मारत खाली गेले. बापूकाका जे बोलले ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारच्या आधी नेट परत मंदावलं. या वेळी जगदाळे स्वतः घरी आले. बघतात तर राउटर फडताळात, पितळी डब्यांच्या मागे. अंगावर नवा टॉवेल. कपाळावर हळद-कुंकू. खंडेनवमीला आईने विळा-कोयत्याबरोबर त्याचीही पूजा केली होती, आणि धूळ बसू नये म्हणून आत ठेवला होता.

"अहो मावशी, गुदमरला तो!" जगदाळे म्हणाले. "मुकिंदा, ध्यानात ठेव. उंचावर ठेवायचं. अंगावर काही घालायचं नाही. आजूबाजूला भांडी नकोत. मग कुठं अडत नाही, सगळीकडं नीट पोचतं."

राउटर उंच फळीवर गेला आणि नेट धावायला लागलं. मुकिंदाने धडा पक्का केला.

त्याच दुपारी पलीकडच्या गावची आत्या आली. आत्याला ऐकू कमी. मुकिंदा काही विचारायचा, आत्या कानाला हात लावायची. "नीट पोचत न्हाई रे बाबा माझ्यापतुर!"

मुकिंदाला रोग कळला. आत्या जमिनीवर बसली होती, अंगावर शाल होती आणि शेजारी तांब्या-पेला होता. त्याने तांब्या-पेला बाहेर नेला. शाल काढली. आत्याला उचललं आणि धान्याच्या उंच कणगीवर नेऊन ठेवलं.

"आता पोचतं का?" त्याने खालून विचारलं.

आत्याला तेही ऐकू आलं नाही. पण आत्याचा आवाज मात्र वेशीपर्यंत पोचला. माणसं पळत आली, शिडी आणली, आत्याला उतरवलं. आत्या पाणीसुद्धा न पिता निघून गेली. जाताना म्हणाली, "या घरातली पोरगी कोण करून घेणार रे!"

हे वाक्य वैजूला लागलं. ती त्या दिवशी जेवली नाही. मुकिंदाही जेवला नाही, कारण आई म्हणाली होती, "वैजूकडं बघून तरी जेव," आणि वैजू तर जेवत नव्हती.

रविवार आला आणि नेट तिसऱ्यांदा मंदावलं. जगदाळेंनी फोनवरूनच पारख केली. "फुकटे जोडले गेलेत तुमच्यावर. आख्खी आळी तुमच्या नेटवर पिक्चर बघतीय. जो आपल्या घरातला न्हाई त्याला काढून टाका. गर्दी कमी झाली की आपोआप सुरळीत होतं."

वैजूने नको ती माणसं काढून टाकली आणि पासवर्ड बदलला. मग मस्कतला फोन लागला. अहाहा! चित्र कसं आरशासारखं. दिग्विजय लाजत लाजत हसला, वैजू हसली. त्याच्या गावाकडून त्याचे वडील तात्यासाहेबही फोनवर आले, त्याची आईही आपल्या फोनवरून आली. एका पडद्यावर चार चौकोन. फोन मुकिंदाच्या हातात होता, कारण वैजूचे हात केस सावरण्यात गुंतले होते.

मुकिंदाने चौकोन बघितले. गर्दी झाली होती. यातलं आपल्या घरातलं कोण? पांढऱ्या मिशांचे हे गृहस्थ तर नक्कीच नाहीत. त्याने बटण दाबून तात्यासाहेबांना काढून टाकलं. ते परत आले. त्याने परत काढलं. ते चिकाटीने तिसऱ्यांदा आले, तेव्हा मुकिंदा मोठ्याने म्हणाला, "फुकटे लई चिवट असतात!"

फोन बंद झाला. थोड्या वेळाने तात्यासाहेबांचा निरोप आला. मुलगा सुट्टीवर येतोय. आता फोन नको, काही नको. घरी येऊन एकदाच बघू. जमलं तर जमलं, नाहीतर राम राम.

वैजू मुकिंदासमोर येऊन बसली. "दादा, मला हे स्थळ पाहिजे. पाहुणे आले की तू कायसुद्धा दुरुस्त करू नको. नुसता दिग्विजयच्या शेजारी बस आणि त्याला काय हवं-नको बघ."

"बघतो," मुकिंदा म्हणाला. त्याने मनापासून शब्द दिला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच राउटरने मान टाकली. वैजू आत आवरत होती, म्हणून मुकिंदाने गुपचूप जगदाळेंना फोन केला. "दिवे लागलेत, पण बोलतच नाही."

"दिवे लावून नुसता गप्प बसला असंल तर शेवटचा इलाज," जगदाळे म्हणाले. "मागच्या अंगाला बारीक भोक असतं, तिथं टाचणी दाबून धरा. दिवे लुकलुकेस्तोवर सोडू नका. आधीचं सगळं विसरतो आणि नव्यानं सुरू होतो."

मुकिंदाने टाचणी दाबली. दिवे लुकलुकले. राउटर सुरू झाला.

दुपारी पाहुणे आले. तात्यासाहेब मिशा ताठ करून खुर्चीत बसले. त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या, आल्यापासून एक अक्षर न बोलता. आणि मध्ये दिग्विजय. पोरगा देखणा, पण लाजाळू. कान लाल झालेले. वैजू पोहे घेऊन आली तशी त्याची वाचाच बसली.

"विचार की काहीतरी," तात्यासाहेब म्हणाले.

दिग्विजयने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाव तरी विचार."

दिग्विजय पोह्यांकडे बघून हसला. पोहे गार झाले. वैजू खाली मान घालून बसली होती. तात्यासाहेबांनी काठी हातात घेतली. "मुलाच्या मनात दिसत नाही. आधीच या घरात आमचा जेवढा मान ठेवलात तेवढा पुरे. उठतो आम्ही."

वैजूच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

ते पाणी बघून मुकिंदाचं काळीज तुटलं. त्याने दिग्विजयकडे बघितलं. डोळे चमकतायत, चेहरा उजळलाय, पण आवाज नाही. दिवे लावून नुसता गप्प बसलाय! मुकिंदा शांतपणे उठला. आईच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन त्याने काढून घेतली. वैजूच्या पदराला लावायची असेल म्हणून आईनेही हात पुढे केला. मुकिंदा दिग्विजयच्या मागे जाऊन बसला, पिन उघडली आणि मागच्या अंगाला दाबून धरली.

"आई गंऽऽ!" दिग्विजय ओरडला. बशी उडाली. पोहे तात्यासाहेबांच्या डोक्यावर पडले. मुकिंदाने पिन सोडली नाही. तो पुढे वाकून दिग्विजयचे डोळे लुकलुकतात का ते बघत होता.

"पसंत आहे! मुलगी पसंत आहे! पहिल्या दिवसापासून पसंत आहे! सोडा!"

डोळे लुकलुकले. मुकिंदाने पिन काढली. "चालू झाला," तो म्हणाला.

वैजू रडता रडता फस्सकन हसली. तिला हसताना बघून दिग्विजयही हसला आणि बसायची जागा चोळत म्हणाला, "मी बोलणारच होतो हो." त्याने वैजूचं नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आईने देवाला हात जोडले. आता राहिले फक्त तात्यासाहेब. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

तात्यासाहेब बसले होते तसेच बसले होते. डोक्यावर पोहे, मिशीत कोथिंबीर. डोळे सताड उघडे, तोंडातून शब्द नाही.

"दादा, नको!" वैजू ओरडली. पण तोवर मुकिंदा त्यांच्या खुर्चीमागे पोचला होता. वेताच्या खुर्चीला भोकं असतात, त्यामुळे काही अडचण आली नाही.

"पसंत!" तात्यासाहेबांनी छप्पर हलवलं. "मलाही पसंत! मुहूर्त काढा! याच महिन्यातला काढा!"

मुकिंदाने पिन धोतराला पुसली. समाधानाने इकडे-तिकडे बघितलं. त्याची नजर विहीणबाईंवर गेली. आल्यापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मुकिंदाने एक पाऊल टाकलं मात्र, विहीणबाई टुणकन उठल्या, भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"मुलगी पसंत, घर पसंत, पोहे पसंत! भाऊ, तुम्ही बसा!"

पिन खाली ठेवून मुकिंदा लगेच बसला. सांगितलेलं तो नेहमीच ऐकायचा. फक्त पिन बंद करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बसला तो नेमका तिच्यावरच.