फळीवरचा धोंडा

एका गावात, जिथे पावसापेक्षा उन्हाळाच जास्त मुक्काम ठोकून असे, एक पाटकरी राहत होता. टेकडीपलीकडच्या तलावाचं पाणी मोरीतून पाटात सोडायचं आणि पाळीपाळीने सगळ्यांच्या रानाला द्यायचं, हे त्याचं काम. गावच्या विहिरींचे झरेही त्याच तलावावर जगत.

मोरीच्या दाराला सुताराने एक युक्ती केली होती. दाराची दोरी कप्पीवरून बांधावरच्या फळीला बांधलेली. फळीवर माणूस उभा राहिला की दार उचललं जाई. तो उतरला की दार खाली पडे आणि पाणी बंद.

"म्हणजे मी तासन् तास बगळ्यासारखा उभा राहू?" पाटकऱ्याने विचारलं होतं.

"तू कशासाठी उतरशील ते मला काय ठाऊक?" सुतार म्हणाला. "साप निघेल, चक्कर येईल, कुणी हाक मारेल. तेव्हा दाराचं भान राहीलच असं नाही. म्हणून ते तुझ्या उतरण्यालाच बांधून टाकलंय."

पाटकरी आळशी नव्हता, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. वय झालं होतं, पाय भरून येत. एके दिवशी त्याने फळीवर धोंडा लोटला आणि बाभळीच्या सावलीत टेकला. भिजवण झाल्यावर उठून धोंडा ढकलला. दार पडलं. मग रोज हेच सुरू झालं. 'एवढंसं तर लक्षात ठेवायचं,' असं तो स्वतःला बजावी, आणि खरंच लक्षातही ठेवी.

ऐन वैशाखात, तलाव तळाला टेकला असताना, त्याची बायको धापा टाकत बांधावर आली.

"अहो, लेकीला कळा सुरू झाल्यात. सुईण शेजारच्या गावाला गेलीय. आधी गाडी जुंपा."

लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली. पाटकरी जो धावला तो धावलाच. सुईण आणली, रात्रभर उंबऱ्यावर बसून राहिला, जिवाचं पाणी पाणी झालं. सकाळी नात झाली. म्हातारा आनंदाने रडला आणि गूळ घेऊन घरोघर निघाला.

रात्री तलावाकडे कुणी फिरकलं नव्हतं. दार आपोआप पडतं, मग बघायचं काय? पाटकऱ्याचा हात गुळाच्या ताटात होता, तेव्हा गुराखी समोर आला.

"तलावात नुसता गाळ उरलाय," तो म्हणाला. "सगळं पाणी पाटातून ओढ्यात वाहून गेलं."

पाटकऱ्याला फळीवर तसाच राहिलेला धोंडा आठवला. त्याला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

विहिरी आटल्या. गुरं दावणीला मरू लागली. शेवटी गाव गाड्या जुंपून पाण्याच्या शोधात निघालं. वाटेत उन्हाने बाळंतिणीचा घसा सुकला, दूध येईना, बाळ रडून रडून दमलं. तेव्हा पुढच्या गाडीतली बाई उतरली आणि आपल्या घागरीतलं ओंजळभर पाणी तिला देऊन गेली. मग दुसरी आली, मग तिसरी. त्यांच्या घागरींतही तळालाच पाणी होतं.

पाटकरी गाडीमागून चालत होता. त्याने ते सारं पाहिलं, आणि त्यानंतर गावातल्या कुणाच्या डोळ्याला डोळा देणं त्याला जन्मात जमलं नाही.

तात्पर्य: निघताना जे आवरायचं ते आठवणीवर सोडू नये, निघण्यालाच बांधून ठेवावं; कारण माणूस कधी आणि कशासाठी उठून धावेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.