डब्यातली चिठ्ठी

एका नदीकाठच्या गावात नरहरशेट नावाचे कापडाचे व्यापारी राहत. कापड ते पोटासाठी विकत, पण जीव सगळा गोळ्या-वड्यांत. लिमलेटची गोळी, आलेपाक, गुडदाणी, रेवडी, बत्तासा, साखरेचं नाहीतर गुळाचं कुणी काही केलं की ते शेटच्या जिभेवर गेलंच म्हणून समजा.

नुसतं खाऊन थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण शेट प्रत्येक जिनसेवर आपलं मत वहीत लिहीत आणि गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तेच मत दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं मांडत. 'भिकोबा हलवाई यांची रेवडी: तीळ खवट.' 'आलेपाक: आलं नावापुरतं.' लोक आधी फळा वाचत आणि मग खरेदीला जात. बरं, जीभही तशीच होती हो! पाक जरासा जास्त उकळला असला तरी त्यांना कळायचं.

एक खोड मात्र होती. कशालाच पुरतं चांगलं म्हणायचं नाही. "चांगलं म्हटलं की करणारा शेफारतो," असं ते म्हणत. गावालाही ते आवडे. दुसऱ्याची खोट निघाली की आपल्याला गुदगुल्या होतातच, खोटं कशाला बोला!

शेटची धाकटी बहीण द्वारका नदीपलीकडच्या गावी दिली होती. दर संक्रांतीला ती भावाला पितळी डबा भरून काटेरी हलवा पाठवी. हलवा करणं म्हणजे खायचं काम नाही. पौषातल्या थंडीत पहाटे उठायचं, मंद शेगडीवर परातीत तीळ घ्यायचे, त्यांवर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. असं चार-चार दिवस केलं म्हणजे तिळावर काटा फुलतो. बोटांची सालं निघतात ती वेगळीच.

आता डबा रिकामा परत पाठवू नये, ही आपल्याकडची रीत. कुणी चिमूटभर साखर घालतं, कुणी चार फळं घालतं. नरहरशेट काय घालत? चिठ्ठी. हलव्यात काय चुकलं त्याची चिठ्ठी! "साखर काय, कुणीही देईल. मी तिला शहाणपण देतो," असं वर म्हणत.

एके वर्षी डबा आला. शेटनी एक दाणा तोंडात टाकला. दुसरा टाकला, मग मूठ भरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत असं काही त्यांच्या जिभेवर आलं नव्हतं. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'द्वारकेचा हलवा: उत्तम. खोट नाही.'

लिहिलं खरं, पण लगेच मन कचरलं. उद्या हे फळ्यावर लिहायचं? भिकोबा हलवाई साऱ्या बाजाराला सांगेल, "बघा, बहिणीचा हलवा तेवढा उत्तम!" इतक्या वर्षांची पत जाईल. शेटनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'काटा बरा. गोडी अंमळ जास्त. हात अजून बसायचा आहे.' तेच चिठ्ठीवर उतरवलं आणि डबा पलीकडे धाडून दिला.

पुढच्या वर्षी हलवा फिका निघाला. शेटनी लिहिलं, 'गोडी कमी.' त्याच्या पुढच्या वर्षी काटा बोथट. तसा हलवा पुन्हा कधी आला नाही. शेट मनात म्हणत, 'येईल पुढल्या साली.' असं म्हणता म्हणता एकोणीस वर्षं गेली.

मग एका संक्रांतीला डबाच आला नाही.

शेट दोन दिवस वाट पाहत बसले. करमेना, म्हणून जुन्या वह्या काढल्या. पानंच्या पानं चाळली. खवट, चिवट, करपट, फिकट. हजार जिनसा जिभेवरून गेल्या होत्या, पण कशाचीही गोडी आठवेना. खोट तेवढी एकेक आठवत होती. जन्मभर आपण खाल्लं तरी काय, असं वाटून त्यांना कसंसंच झालं. अशात ती खोडलेली ओळ सापडली. त्या हलव्याची चव मात्र लख्ख आठवली. शेटनी ती वही काखोटीला मारली आणि ते नावेत बसले.

द्वारका ओसरीवर उन्हाला बसली होती. हात मांडीवर होते आणि बोटं थरथरत होती.

"ये, दादा. यंदा डबा नाही रे पाठवता आला. चमचासुद्धा धरवत नाही," ती म्हणाली.

शेटनी वही उघडली आणि ती खोडलेली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

द्वारकेनं वाकून ती ओळ स्वतः पाहिली. "कधीचं हे?"

"एकोणीस वर्षं झाली. तेव्हा लिहिलं आणि खोडलं. लोक काय म्हणतील म्हणून. चुकलो मी, द्वारके."

"त्या वर्षी आमची कुमुद माझ्या शेजारी पाट मांडून बसायची," द्वारका हळूच म्हणाली. "आई, मलाही शिकव म्हणायची. तुझी चिठ्ठी आली आणि मी तिला उठवलं. म्हटलं, आधी माझा हात बसू दे, मग तुला शिकवीन. लग्न होऊन ती लांब गेली, पण माझा हात काही बसला नाही."

शेट पुढं सरकले. "अगं, मग आता सांग तिला. माहेरपणाला बोलाव. हात तिचे, सांगणं तुझं."

"काय सांगू? तू गोडी जास्त म्हणालास, मी कमी केली. कमी म्हणालास, वाढवली. पाक बदलला, शेगडी बदलली. तो हलवा कसा केला होता, ते आता मलाच आठवत नाही."

ती भिंतीला धरून उठली. घरातून बाजारातला हलवा आणून तिनं भावाच्या हातावर ठेवला. "तीळगूळ घे, दादा." शेटनी तो तोंडात टाकला. जीभ अजून शाबूत होती. या हलव्यात काय नाही, हे त्या जिभेला नेमकं कळलं.

निघताना द्वारकेनं तोच पितळी डबा त्यांच्या हाती दिला. "तुझ्याकडून दरवर्षी भरून आला. मी तरी रिकामा कशी देऊ?"

नावेत बसल्यावर शेटनी झाकण काढलं. आत त्यांच्याच चिठ्ठ्या होत्या. एकही तिनं टाकली नव्हती. घड्या विरल्या होत्या आणि कागदावर पाकाचे चिकट डाग होते. शेगडीपाशी समोर ठेवून, वाचून वाचून ती हलवा करत आली होती. शेट नावेतच हुंदके देऊन रडले. नावाडी बिचारा वल्हवत राहिला.

त्या गुरुवारी शेटनी फळ्यावर लिहिलं, 'द्वारकेचा हलवा: उत्तम. खोट नाही.' बाजारची माणसं वाचून विचारू लागली, "कुठं मिळतो हो हा?"

शेट म्हणाले, "आता कुठंच मिळत नाही."

तात्पर्य: चांगल्याला चांगलं म्हणायचं ते वेळेवर म्हणावं, लोकांच्या भीतीनं गिळलेला एक शब्द करणाऱ्याचा हातच मोडून टाकतो, आणि मग पस्तावून तो हात परत येत नाही.