दवाखाना, कचेरी आणि गेनबा

एका शहरात, नाल्याकाठच्या वस्तीत, गेनबा नावाचा एक भोळा शिपाई होता. गल्लीच्या एका टोकाला मनोविकारांचा दवाखाना, दुसऱ्या टोकाला समाजकल्याणाची कचेरी. दोन्हींना मिळून शिपाई हा एकच. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आणि कचेरीचे वाघमोडेसाहेब यांनी तर सात वर्षांत एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते.

त्याच वस्तीत शेवंताबाई राहत. यजमान गेल्यापासून त्यांनी ना चूल पेटवली होती, ना तोंडातून शब्द काढला होता. डॉक्टरीणबाईंची गोळी भरल्या पोटी घ्यायची. आणि पोट भरण्यासाठी तांदूळ द्यायचा कचेरीने.

डॉक्टरीणबाईंनी शिफारसपत्र धाडले. साहेब जागेवर नव्हते. गेनबाने पत्र परत आणले.

"अरे, साहेब नसले तर टेबलावर ठेवावं! उडू नये म्हणून वर वजन ठेवावं!"

"बरं, बाई."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनाच अंगठा उठवण्यासाठी न्यायचे होते. साहेब पुन्हा नव्हते. गेनबाने शेवंताबाईंना टेबलावर बसवले आणि त्यांच्या मांडीवर तीन जाडजूड रजिस्टरे ठेवली.

साहेब आले. "हे काय रे?"

"उडू नयेत म्हणून, साहेब."

"शहाण्या! आलेल्याला खुर्ची द्यावी, पाणी पाजावं, चार शब्द बोलावे!"

"बरं, साहेब."

तिसऱ्या दिवशी तांदळाचे पोते आले. गेनबाने पोत्याला खुर्ची दिली, दोन तांबे पाणी पाजले आणि मुलाबाळांची चौकशी केली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. दुसरे पोते मागवून ते कोठीत ठेवले. "लक्षात ठेव. तांदूळ आत ठेवला की बाहेरून कडी घालायची. नाहीतर उंदीर शिरतात."

"बरं, साहेब."

आता मात्र डॉक्टरीणबाई आणि साहेब, दोघेही जातीने शेवंताबाईंच्या खोलीवर गेले. मागून गेनबाने पोते आणले, कोपऱ्यात नीट टेकवले, बाहेर आला आणि कडी घातली. मग काठी घेऊन उंबऱ्याशी बसला.

आत वाद जुंपला.

"तुमचं पत्रच उशिरा आलं!"

"तुम्ही जागेवर असता कधी?"

दुपार टळली. दोघांचे आवाज भुकेने बारीक झाले. तेव्हा शेवंताबाई उठल्या, त्यांनी चूल पेटवली आणि कित्येक महिन्यांनी तोंड उघडले.

"आधी जेवा. मग भांडा."

तिघांनी मऊ भात खाल्ला. शेवंताबाईंनी भरल्या पोटी गोळी घेतली. पुढे दर सोमवारी इथेच एकत्र बसायचे, असेही ठरले.

दिवेलागणीला साहेबांनी दार बडवले. "गेनबा, कडी काढ! अरे, आत आम्ही आहोत!"

गेनबाने दाराच्या फटीला तोंड लावले.

"हळू बोला, साहेब. तांदूळ आत आहे हे उंदरांना कळेल."